कुलसुम आपांच्या मागच्या खोलीतले अडतीस कपडे

अडतीस कपडे तयार आहेत. इस्त्री करून, बटणं लावून, गळ्याला लेबलं शिवून मागच्या खोलीत दांडीला टांगलेत आणि वरून जुनी चादर टाकलीय. दिवाळीपासून टांगलेत. रोज सकाळी ती चादर मी झटकते, कारण धूळ बसली तर पुन्हा इस्त्री मलाच करायची आहे. आणि रोज आपांना विचारते की दुकान कधी उघडायचं. आपा चष्मा पुसतात आणि म्हणतात, बघू. चार महिने झाले. शेवग्याला शेंगा लागल्या, उतरल्या, खाऊन झाल्या, आमचं आपलं बघूच चाललंय.

अशात गौरव समितीची माणसं आली. म्हणाली, मथुराताई, कुलसुम आपांना साठ वर्षं पूर्ण होतायत, आपण सत्कार करतोय, पुस्तक काढतोय, तुम्ही त्यांच्याकडच्या सगळ्यात जुन्या, चार पानं लिहा, चांगलं चांगलं लिहा. मी म्हटलं लिहिते. पण डोक्यात ती चादर आहे, ती आधी काढून ठेवल्याशिवाय चांगलं सुचणार नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. मी चौथीपर्यंत शिकले. आपांची भाची रुबीना, जी कपड्यांच्या डिझाइनचा कोर्स करून आलीय, तिने ऱ्हस्व-दीर्घ बघून दिलंय. मजकुराला हात लावायचा नाही अशी तिला ताकीद दिली होती.

आपांची नि माझी ओळख सोळा वर्षांची. तेव्हा मी डोक्यावर पाटी घेऊन मोहल्ल्यात मासळी विकायचे. खाडीचे निवटे, मांदेली, बोंबील. आपांच्या दारात पहिल्यांदा पाटी उतरवली तर या बाई मासळीकडे बघेनात. माझ्या कमरेकडे बघतायत. आम्ही कोळणी लुगड्याच्या आत कमरेला एक कापडी पिशवी खोचतो. दोन्ही हात पाण्यात, मासळीत, तरी आतले पैसे कोरडे राहतात.

"ही पिशवी कशी शिवलीस गो? जरा काढून दाव."

मी म्हटलं, "तुमाला म्हावरा घ्यायचाय का माजा गल्ला?"

हसल्या. निवटे घेतले, भाव केला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मी वैतागून पिशवी काढून त्यांच्या हातात दिली, की बघा एकदाची आणि माझं डोकं सोडा. त्यांनी ती उलटी केली, शिवण बघितली, बोटांनी मापली आणि धुऊन परत दिली. पिशवी धुऊन देणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं.

त्या वेळी आपा घरातल्या घरात शेजारणींचे बुरखे शिवायच्या. पनवेलला तेव्हा तयार बुरखे यायचे ते मुंबईहून, नाहीतर कुणाचा नवरा सुट्टीवर येताना आखातातून आणायचा. ते तिकडच्या उंच बायकांच्या मापाचे. आमच्याकडच्या बाईने घातला की खालचं चार बोटं कापड रस्ता झाडत जायचं. आणि खिसा म्हणून नाही. एका हातात मूल, एका हातात पाकीट, छत्री दातात धरायची तेवढी बाकी. आपांनी माझी पिशवी बुरख्याच्या आतल्या शिवणीत बसवली. तोंड तिरकं ठेवलं, खोली मनगटापर्यंत. बाई वाकली, धावली, रिक्षात चढली तरी आतलं पडणार नाही. महिनाभरात मोहल्ल्यातली अर्धी घरं आपांच्या दारात उभी.

इथवर ठीक. पण या बाईंनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली की हा खिसा माझा नाही, हा मथुराचा खिसा. बाजारभर झालं. मासळी बाजारात मला चिडवायला लागल्या की मथुरे, आता बुरक्याच्या खिशात बोंबील घालून इकनार काय. मी आपांना म्हटलं, तुम्ही वापरलात ना, मग गप्प वापरा की. तर म्हणतात, तुझी अक्कल मी माझी म्हणून कशी विकू. आजही नव्या गिऱ्हाइकाला तेच सांगतात. साठीला आल्या, सवय गेली नाही.

पुढे माझी पाठ गेली. डॉक्टरने सांगितलं पाटी बंद. मी घरात बसून सगळ्यांवर खेकसत होते. दोन आठवडे मी आले नाही म्हणून आपा कोळीवाड्यात शोधत आल्या. आमच्या ओट्यावर बसल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून माझ्याकडे शिवायला ये. मी म्हटलं, मला सरळ शिवण येत नाही. त्या म्हणाल्या, जाळं विणतेस ना, गाठ सैल कुठं आणि घट्ट कुठं ते तुला कळतं, बाकीचं मशीन करतं. पहिला महिना मी घातलेली प्रत्येक शिवण वाकडी. मला वाटायचं चालून जातंय. नंतर कळलं की मी घरी गेल्यावर आपा ती उसवून पुन्हा घालायच्या. मला कधी बोलल्या नाहीत. ही गोष्ट चांगुलपणाची म्हणून समितीला आवडेल. मला राग आला होता. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी आठवड्यात शिकले असते.

आता कामाबद्दल. आपांच्या माडीवरच्या कारखान्यात कपडा अंगावर चढवून आरशात बघितला की झालं, असं नाही. त्या बाईला खोलीच्या मधोमध उभी करतात. हात वर कर, बसमध्ये दांडा धरतेस तसा. जमिनीवर बस. उठ. वाक, मूल उचलतेस तशी. हात वर केल्यावर बाही मनगटाच्या वर सरकली, बसताना कुठं ताणलं, वाकताना गळा पुढं आला, तर कपडा परत टेबलावर. साठ वर्षांच्या आजींनासुद्धा उठबस करायला लावतात. एकदा एका मास्तरीणबाई म्हणाल्या, आपा, कपडा शिवायला आलेय का कवायतीला. आपा म्हणाल्या, अंगभर कपडा घालणारी बाई दिवसभर काम करते, ती काय फोटोत उभी राहते? आता रुबीना सांगते की अशा अंगभर कपड्यांची जगभर फॅशन आलीय, त्याला मोठं नाव आहे, मोठ्या कंपन्या करतात. करू देत. त्या कंपन्या बाईला जमिनीवर बसवून बघतात का, ते मला माहीत नाही.

आणि आमच्याकडे फक्त मुसलमान बायका येतात असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. शाळेच्या बाई येतात, मारवाडणी येतात, उन्हात स्कूटर चालवणाऱ्या पोरी येतात. माझी नणंद, जी मला बुरक्यावाली म्हणून हिणवायची, तिने स्वतःसाठी लांब बाह्यांचे दोन झगे शिवून नेलेत. खिसा लावूनच दे म्हणाली.

आपांचं एक तत्त्व आहे, त्याने आमचं किती गिऱ्हाईक गेलं ते मलाच माहीत. ज्या बाईचा कपडा, तिने स्वतः यायचं. एकदा एक गृहस्थ आले, आखातातून सुट्टीवर आलेले, हातात कापडाचं बोचकं. बायकोसाठी तीन शिवायचे होते, सगळे काळे, माप म्हणून जुना एक आणलेला. आपांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की बाईला पाठवा. ते म्हणाले, ती बाहेर पडत नाही.

आपा म्हणाल्या, "मग कपडा कशाला भाईसाब? हा तर बाहेर जायला असतो."

ते गृहस्थ बोचकं उचलून जे गेले ते जिन्यात पाय आपटत. मी आपांवर चिडले. तीन कपड्यांचं काम हातचं घालवलं, वर मोहल्ल्यात बोलणी खायची. आपा माझ्याकडे न बघता कापड बेतत बसल्या. दहाबारा दिवसांनी एक तरुण बाई सासूबरोबर आली. तीच ती. अर्धा तास कापडं बघत होती, एकेक बोटांत धरून. शेवटी म्हणाली, काळा एकच, एक बाटलीसारखा हिरवा आणि एक जांभळा. ती बाई अजून येते, आता एकटी येते. मी चिडले होते ते चुकलं, असं मी त्या वेळी म्हटलं नाही. इथे म्हणते.

आणखी एक म्हणायचंय. हे आजवर कुणाला माहीत नाही, आपांना आणि आमच्याकडे शिवणाऱ्या नसीमला सोडून. पुस्तकात छापलं जाईल म्हणून मुद्दाम लिहिते.

एका वर्षी आपांच्या आई श्रीवर्धनला आजारी पडल्या. आपा तिकडे दोन महिने राहिल्या आणि कामाची वही माझ्याकडे सोपवून गेल्या. ईदचं काम आमच्याकडे दोन महिने आधी सुरू होतं. आदल्या वर्षी गणपती आधी झाले होते आणि त्यानंतर महिन्याने ईद आली होती. या वर्षी अधिक महिना पडला. आमच्याकडे अधिक आला की सगळंच पुढं जातं, नारळी पुनव, गणपती, दिवाळी. आम्ही दर्यावर जाणारी माणसं, चंद्र बघून भरती-ओहोटी सांगतो, मला तिथी कुणी शिकवायची नाही अशी माझी घमेंड. मी हिशोब केला, गणपती पुढे गेले तर ईद पण तितकीच पुढे गेली. गिऱ्हाइकांना निवांत सांगितलं, अजून वेळ आहे. मुंबईच्या कापडवाल्याला सांगितलं, माल सावकाश पाठव. मधल्या वेळात एका शाळेचे गणवेश घेतले.

एका सकाळी आमच्यातली नसीम म्हणाली, ताई, उद्यापासून रोजे, मी जरा लवकर जात जाईन.

मी म्हटलं, "उद्या कुटले रोजे? अजून महिना हाय."

नसीमने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मला ताप आलाय. मी तिला अधिक महिना समजावून सांगितला. ती म्हणाली, ताई, आमच्यात अधिक नसतो, आमची ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडेच येते, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात, बघितलं नाही का? बघितलं होतं. पण बघून विचार केला नव्हता. सण पुढे जातो तसा कधीतरी मागे येतो, मागे आला तसा पुढे जाईल, एवढंच डोक्यात.

हातात राहिला एक महिना. निम्म्या जणी रोज्याच्या. आणि शेवटच्या आठवड्यात उरलेल्या निम्म्या जणींच्या घरी गणपती, कारण त्या वर्षी गणपती आणि ईद नेमके एकाच वेळी आले. कापड यायचं होतं. आपा श्रीवर्धनहून आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी वही बघितली, बंद केली, बुरखा चढवला आणि मला म्हणाल्या चल.

आम्ही घरोघर गेलो. ज्यांचं काम होणार नव्हतं त्या प्रत्येक दारात आपा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझा हिशोब चुकला, तुमचा कपडा ईदला होणार नाही, माफ करा. एका घरात एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "आपा, मुसलमान असून तुम्हाला ईद कधी ते कळत नाही?" आपांनी मान खाली घातली. म्हणाल्या, "हां बेटा, चुकलं." मी मागे पिशवी धरून उभी होते. मी तोंड उघडलं नाही. मी, जी बाजारात कुणाचं एक ऐकून घेत नव्हते, ती गप्प राहिले. त्यातली बरीच घरं पुन्हा आमच्याकडे आली नाहीत.

वर गणपतीच्या दोन दिवस आधी आपांनी आम्हा गणपतीवाल्यांना सुट्टी दिली. उरलेलं काम आपा, नसीम आणि आपांच्या दोन जावा यांनी उपाशीपोटी ओढलं. ईदच्या संध्याकाळी आपा डबा भरून शीरखुर्मा घेऊन आमच्या घरी गणपती बघायला आल्या. मी मोदकाचं ताट त्यांच्यापुढे आदळलं. म्हटलं, चूक माझी, तुम्ही का अंगावर घेतलीत. त्यांनी मोदक फोडला, तुपाची धार मागितली आणि म्हणाल्या, "दारावरच्या पाटीवर नाव कुणाचं आहे? मग चूक पण त्याच नावाची."

तर मंडळी, चूक माझी होती. ज्या घरांनी त्या वर्षी आपांना बोल लावला, त्यांनी तो मला लावावा. मी कोळीवाड्यातच राहते.

आता पुन्हा मागच्या खोलीत येते, कारण ही गोष्ट मी उगाच नाही सांगितली. पोरींना आता तीन आठवडे थांबून शिवून घ्यायला वेळ नाही. नवीन दुकानं आली, पोरी तयार कपडा फोनवर बघून मागवतात. आमचं काम दर वर्षी कमी होतंय. म्हणून रुबीनाने सुचवलं की आपण तयार कपडे काढू, चार मापांत, आपल्या नावाचे. आपा आधी हो म्हणाल्या. आम्ही आठ जणींनी मिळून अडतीस नमुने केले. नाव ठेवलं ऐसपैस, खाली बारीक अक्षरात कुलसुम आपा. करंजाड्याला एक गाळा बघितला, मोठ्या रस्त्याला लागून, आत बायकांना घालून बघायला खोली काढता येईल असा. सगळं जुळत आलं आणि रुबीना एक नमुना घालून बसने कुठेतरी गेली. दांडा धरला तर बाही दोन बोटं वर सरकली. तिने घरी येऊन हसत सांगितलं. आपा हसल्या नाहीत. उठल्या आणि दांडीवर चादर टाकली.

मी विचारलं, दोन बोटांसाठी? तर म्हणाल्या, शिवून देते तेव्हा मी समोर असते मथुरा, हात वर करायला लावते. तयार कपडा घेऊन बाई घरी जाईल, बसमध्ये चढेल, हात वर करील, तेव्हा मी कुठे असणार? आणि गळ्याला माझं नाव.

बाई खोटं बोलत नाहीत, हे मला मान्य. पण मी गप्प बसले नाही. आम्ही अडतीसच्या अडतीस कपड्यांच्या बाह्या उसवल्या, आत दोन इंच जादा कापडाची दुमड दिली, की ज्या बाईला हवी तिने सोडून घ्यावी, आणि दुकानात फुकट सोडून द्यायचं असं ठरवलं. संक्रांतीला हे काम संपलं. प्रत्येक कपडा आम्ही आठ जणींनी घालून, बसून, वाकून, हात वर करून बघितलाय. आमच्यात बारीक आहे, जाडी आहे, बुटकी आहे, आणि लता तर दारात वाकून येते. तरी चादर आहे तिथेच.

आणि थांबायला वेळ आता उरलेला नाही. नसीम आणि लता, दोघींना तळोज्याला एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळतंय. आठ तास उभं राहून खोके भरायचे. लताचा नवरा नाही, नसीमचा घरी बसून आहे. त्यांनी तिथल्या माणसाला या महिन्याच्या शेवटापर्यंत थांबवलंय, फक्त आपांसाठी. दोघींनी आपांना सांगितलेलं नाही, आपांना वाईट वाटेल म्हणून. मला वाईट-चांगलं बघत बसायची सवय नाही, म्हणून मी इथे लिहिते. त्या दोघी गेल्या तर बारीक शिवणीचं काम करणारं कुणी राहणार नाही, आणि मग दुकान उघडायचं की नाही हा प्रश्नच राहणार नाही. गाळेवाल्यालाही दुसरं गिऱ्हाईक आलंय. तो सत्कारानंतरच्या गुरुवारपर्यंत थांबतो म्हणालाय, पुढे नाही.

आपा, हे पुस्तक तुमच्या हातात रविवारी पडेल. हार घालतील, भाषणं होतील, सगळे तुम्हाला मोठं म्हणतील, आणि ते खरं आहे. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला तुम्ही सोळा वर्षं सांभाळलंत, यातच काय ते आलं. तुमचे गुडघे शाबूत राहोत, सुईचं नाक तुम्हाला चष्म्याशिवाय दिसो, आणि माझ्याशी भांडायला तुम्ही आणखी चाळीस वर्षं तरी राहा. हे मी मनापासून मागते, आमच्या देवीकडे आणि तुमच्या अल्लाकडेही.

पण चाळीस वर्षं बसून बाह्या बघायच्या असतील तर आम्हाला आताच सांगा. गळ्याला नाव तुमचं आहे म्हणून सगळ्या चुका तुमच्या, हा हिशोब तुम्ही एकटीने ठरवलाय, आम्हाला विचारून नाही. यापुढे बाही सरकली तर ती आठ जणींची सरकली. दारात माफी मागायला जावं लागलं तर आठ जणी जाऊ, आणि या वेळी मी पुढे उभी राहीन.

बुधवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही सगळ्या माडीवर येतो. नसीम, लता, रुबीना, सगळ्या. गुरुवारी सकाळी मला गाळेवाल्याकडे जायचंय. हो म्हणायचं असेल तर हो म्हणा, नाही म्हणायचं असेल तर त्या दोघींच्या तोंडाकडे बघून नाही म्हणा. पण बुधवारी म्हणा.